मेकॅनिकल करून मोठं कोण झालंय?

सीईटीचे पर्सेंटाइल आले की कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या माझ्या मशीनिंगच्या शेडमध्ये पाहुण्यांची ये-जा वाढते. चहा होतो, पंचगंगेचं पाणी कुठवर आलंय ते होतं, आणि कप खाली ठेवता ठेवता प्रश्न येतो, "मेकॅनिकल करून मोठं कोण झालंय हो? सांगा की दोन-चार नावं." यंदा दाजींनी विचारलं. भाचीला मेकॅनिकल पाहिजे, दाजींना कॉम्प्युटर. तीही सोबत होती, पण ती आत मशीनपाशी जाऊन उभी राहिली होती.

नावं मला पाठ आहेत. अनिल काकोडकर १९६३ साली मुंबईच्या व्हीजेटीआय कॉलेजमधून मेकॅनिकल झाले, पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष. सतीश धवन यांनी लाहोरला मेकॅनिकलची पदवी घेतली, इंग्रजी साहित्यात एम.ए.ही केलं, आणि १९७२ पासून बारा वर्षं इस्रो सांभाळली. चांद्रयान-३ उतरलं तेव्हा इस्रोच्या अध्यक्षपदी असलेले एस. सोमनाथ कोल्लमच्या कॉलेजचे मेकॅनिकल. भारत फोर्जचे बाबा कल्याणी पिलानीच्या कॉलेजचे. आणि अनिल कुंबळे बंगळुरूच्या.

"कुंबळे? क्रिकेटवाला?"

"तोच. कसोटीत ६१९ विकेट."

"मग त्यात मेकॅनिकलचं काय?"

काहीच नाही. दाजी कमी शिकलेत, पण प्रश्न बरोबर ठिकाणी टोचतात. ही यादी कॉलेजच्या जाहिरातीतल्या फोटोंसारखी असते. माणूस कुठं पोचला तेवढं कळतं, मधल्या वर्षांत काय करत होता ते कळत नाही. मला विचाराल तर सगळी गंमत त्या मधल्या वर्षांत आहे.

काकोडकरांचंच घ्या. मुंबईत ट्रॉम्बेच्या 'ध्रुव' अणुभट्टीच्या डिझाइनमध्ये त्यांचा मोठा वाटा. शंभर मेगावॉटची भट्टी, ऑगस्ट १९८५ मध्ये सुरू झाली. आणि घोळ झाला. थंड करणारं पाणी जोरात सोडलं की इंधनाच्या सळ्यांचे जुडगे थरथरायला लागायचे. बिघाड अणुविज्ञानाचा नव्हता. पाणी वाहतंय, धातू हलतोय, असा आपल्या लाइनीतलाच. भट्टी कमी शक्तीवर ठेवून जुडग्यांच्या रचनेत बदल केले, आणि पूर्ण शक्ती गाठायला जानेवारी १९८८ उजाडलं. अडीच वर्षं! पुढे कल्पाक्कमच्या अडचणीत आलेल्या दोन अणुभट्ट्या पुन्हा मार्गी लावायचं कामही त्यांच्याच नेतृत्वाखाली झालं. पद्मविभूषण २००९ साली मिळालं ते सगळ्यांना माहीत असतं. या अडीच वर्षांबद्दल मला आजवर एकाही पालकानं विचारलेलं नाही.

आपल्या भागातलं म्हणाल तर लक्ष्मणराव किर्लोस्कर. त्यांच्याकडं तर मेकॅनिकलची पदवीही नव्हती. रंगांधळेपणामुळं चित्रकला सुटली, मग यंत्रांची ड्रॉइंगं काढायला शिकले आणि तेच शिकवायला लागले. पुढं लोखंडी नांगर बनवायला घेतले, तर त्यानं जमीन विषारी होते असं लोक म्हणायचे. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना तेव्हा शाहू महाराजांनी जुन्या तोफा ओतायला दिल्या. पदवी आली ती पुढच्या पिढीत. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीतून १९२६ साली मेकॅनिकल होऊन आला, तो थेट किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात.

हे ऐकून दाजी म्हणाले, "सगळे पुरुषच की."

म्हणजे खरा प्रश्न आता आला. लीला पूनावाला यांचं नाव सांगितलं. पुण्याच्या सीओईपी कॉलेजमधून १९६७ साली मेकॅनिकल, शिकाऊ इंजिनियर म्हणून सुरुवात, आणि पुढे अल्फा लावल कंपनीच्या भारतातल्या कारभाराच्या प्रमुख. आता त्यांची संस्था मुलींना शिकायला शिष्यवृत्ती देते. दाजींनी मान हलवली, पण नजर माझ्या शेडवरून फिरत होती. कोपऱ्यात बर्रीचा, म्हणजे कापलेल्या लोखंडाच्या किसाचा ढीग, कूलंटचा वास, आणि बायकांसाठी वेगळा संडास नाही. तो नाही ही चूक माझीच. पंधरा वर्षं शेड चालवतोय, कधी सुचलंच नाही.

पैशाचंही लपवलं नाही. पहिली चार-पाच वर्षं हिंजवडीतल्या कॉम्प्युटरवाल्याचा पगार ऐकला की आपलं पोरगं रडकुंडीला येतं. आमच्या बॅचमधले निम्मे तिकडंच गेले. एक बँकेत आहे, एक फौजदार झाला. मी फाउंड्रीतून आलेल्या पंपाच्या बॉडीला बोअर मारत, म्हणजे आतलं गोल भोक कापत बसलोय. मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकानं अख्खा लॉट परत पाठवला. शेवटचा कट घेतल्यावर आत ब्लोहोल, म्हणजे ओतताना राहिलेली पोकळ भोकं, निघाले. ओतलेलं आमचं नव्हतं, पण मशीनिंगचा खर्च बुडाला तो आमचाच. असले दिवसही सांगायला हवेत, नुसतं चांद्रयान सांगून कसं चालेल?

तेवढ्यात आतून हाक आली. "मामा, आवाज बदलला काय ओ?"

लेथवर बोअर चालू होता. मला बोलण्याच्या नादात ऐकू आलं नव्हतं. नेहमीच्या घुंईऽऽ मध्ये बारीक किरकिर मिसळली होती, जॉब चॅटर मारत होता, म्हणजे कापताना थरथर होत होती. ऑपरेटरनं मशीन थांबवलं. बोअरमध्ये बोट फिरवलं तर नखाला लाटा लागल्या. तिनंही बोट घातलं, मग मोबाइलचा उजेड टाकून बराच वेळ आत बघत राहिली.

"बार लई बाहेर काढलाय," ऑपरेटर म्हणाला. बार म्हणजे कापायचं हत्यार धरणारा दांडा. तो आत घेऊन आवळला, आरपीएम थोडा उतरवला आणि परत कट लावला.

"लांब होता म्हणून थरथरत होता?" तिनं विचारलं.

"व्हय. फुटपट्टी टेबलाच्या बाहेर काढून टिचकी मारतीस न्हवं, तसं."

मला ध्रुवचं परत सांगावंसं वाटलं, पण ती ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती. कान लेथकडं. दाजी दारात येऊन उभे होते, हात मागं बांधून.

"आता गेला वाटतं आवाज," ते म्हणाले. आणि मग मला, हळूच, "फॉर्मची शेवटची तारीख कधी आहे?"