रत्नागिरीचा भाचा आणि खिंडसीचा बीच

दिवाळीच्या सुट्टीत भाऊ-वहिनी आले होते, सोबत भाचा, वय वर्षं आठ, मुक्काम पोस्ट रत्नागिरी. भावाची तिकडे बदली होऊन तीन वर्षं झाली आणि पोरगा पार कोकणी होऊन आलाय. बॅग खाली ठेवायच्या आधी पहिला प्रश्न, "आत्या, तुमच्याकडे बीच कुठंय?"

आता सांगा! देशाच्या मधोमध झिरो माईलचा दगड सांभाळत बसलेली आम्ही माणसं. आम्हाला समुद्र बघायचा तर समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर संपवायचे, तेव्हा कुठं भिवंडीजवळ उतरतो, आणि तिथूनही समुद्र दिसत नाहीच, ट्रॅफिक दिसतो. मी म्हणणार होते की बाबा रे बीच नाहीये, पण आमचे हे अस्सल नागपूरकर, त्यांना नाही म्हणायची सवयच नाही. लगेच सुरू, "आहे नं बाप्पा! चौपाटी आहे आपल्याकडे. चाल, तुले दाखवतो."

तर संध्याकाळी फुटाळा. बाहेरच्यांसाठी सांगते, फुटाळा म्हणजे भोसल्यांच्या काळातला तलाव, तेलंगखेडी पण म्हणतात, आणि त्याच्या काठच्या रस्त्याला अख्खं नागपूर चौपाटीच म्हणतं. कॉलेजची पोरं, भुट्टेवाले, पलीकडे झाडी आणि त्या झाडीमागे सूर्य जातो तेव्हा खरंच छान दिसतं, मी स्वतः कॉलेजात असताना इथं किती संध्याकाळी घालवल्यात ते वहिनीसमोर सांगत नाही. भाच्यानं भुट्टा खाल्ला, लिंबू-मीठ जास्त मागून घेतलं, मग कठड्यावरून खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "पण वाळू कुठंय?"

"रेती? इथं कायले पाहिजे रेती?" इति आमचे हे.

"रेती नाही काका, वाळू."

"तेच ते."

तेच ते नाहीये पण. त्याच्या डोक्यात वाळू म्हणजे मांडवीची काळी आणि भाट्याची पांढरी, पायाला लागणारी, किल्ला करायची. आमच्याकडे रेती म्हणजे ट्रकनं येते, ब्रासवर मोजतात आणि तिचा भाव ऐकून घर बांधणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगा दिसेना, शोधाशोध झाली, तर गल्लीत एका घराचं काम चालू आहे तिथल्या रेतीच्या ढिगावर साहेब बसलेले, कोपरापर्यंत हात आत. चौकीदार ओरडतोय, याचं लक्ष नाही. मला बघून मूठ पुढे केली. तळहातावर नखाएवढा शिंपला, बाहेरून मातकट आणि आतून चमकणारा. "आत्या, इथं समुद्र होता!" मी म्हटलं अरे ही कन्हान नदीची रेती, नदीत पण शिंपले असतात. त्याला पटलं नाही. शिंपला खिशात गेला, त्यासोबत मूठभर रेतीपण गेली असणार, तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

मग रविवारी रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर जायचं ठरलं. अंबाझरी जवळ पडलं असतं, १८७० चा तलाव आहे, बाग आहे, विवेकानंदांचा पुतळा आहे, पण २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तो तलाव ओसंडून वाहिला तेव्हा माझ्या एका मैत्रिणीच्या घरात कमरेएवढं पाणी आलं होतं, फ्रिज तरंगत होता म्हणे, ती अजून त्या बाजूला फिरायला जाऊ म्हटलं तर नाही म्हणते आणि ती आमच्यासोबत येणार होती. म्हणून खिंडसी. (शेवटी ती आलीच नाही ते वेगळं.)

सकाळी सातला निघायचं म्हणजे नागपुरी हिशोबानं साडेआठ. आधी तर्री पोहे, कारण त्याशिवाय आमच्या घरातली गाडी सुरू होत नाही. भाच्यानं तर्री पोह्यांवर ओतलेली बघितली आणि डोळे मोठे केले, दोन घास खाल्ले, नाक पुसलं, परत खाल्ले. मग कामठी, मग कन्हानचा पूल. पुलावर तो एकदम खिडकीला चिकटला. नदीत पाणी एका कडेनं वाहत होतं आणि मधे रेतीचे पट्टेच्या पट्टे उन्हात पडलेले. "एवढी वाळू आणि कोणीच खेळत नाही?" कुणालाच काय उत्तर द्यावं कळेना, मी त्या पुलावरून शंभरदा तरी गेले असेन आणि माझ्या मनात हे कधी आलं नाही.

मनसरला हायवे सोडून उजवीकडे वळलं की रामटेकचा गड दिसायला लागतो. गडावर आम्ही गेलो नाही. वहिनीला जायचं होतं, पण त्रिपुरी पौर्णिमेच्या जत्रेचे दिवस, गर्दी किती असेल याचा अंदाज घेऊन यांनी गाडी सरळ पुढे काढली, त्यावरून थोडी धुसफूस झाली, चालायचंच. रामटेक ओलांडून थोडं पुढे गेलं, दोन्हीकडे धानाची शेतं, काही कापलेली, काही उभी, आणि मग एका वळणावर अचानक पाणी.

खिंडसी मी लहानपणी शाळेच्या सहलीत बघितलेली, तेव्हा फार मोठी वाटली होती, म्हटलं आता छोटी वाटेल. नाही वाटली. सूर नदी अडवून इंग्रजांच्या काळात बांधलेलं मातीचं धरण, आजूबाजूच्या धानासाठी. टेकड्यांच्या मधे पाणी असं पसरलंय की पलीकडचा काठ धुक्यात जातो. भाचा गाडीतून उतरला, दोन मिनिटं काही बोलला नाही. मग वास घेतला. खरंच, नाक वर करून वास घेतला आणि म्हणाला, "मासळीचा वास नाही येत."

बोटिंगच्या जागी लोखंडी पिंपांवर फळ्या ठोकून केलेला तरंगता धक्का आहे, पाय ठेवला की डुगडुगतो, आणि त्याला दोरानं बांधलेल्या बोटी, पॅडलच्या, स्पीड बोट, सगळ्या एकमेकींवर हलक्या आपटतायत, टक टक. मी म्हटलं, बघ, बंदर! त्यानं मिरकरवाडा बंदर बघितलंय, रोज शेकड्यानं होड्या बघणारा माणूस, त्यानं नम्रपणे "हो" म्हटलं. आत्याचं मन राखायला एवढं पुरे.

पॅडल बोट घेतली, इथंच चूक झाली. मी, हे आणि भाचा. लाइफ जॅकेट यांच्या पोटावर बंद होईना, तिथल्या पोऱ्यानं पट्टा ओढून ओढून लावला. बोटीत दोघांनी पायडल मारायचं आणि मधे एक दांडी, ती डावीकडे की बोट डावीकडे. सोपं आहे. पण यांचं वजन आणि माझं वजन (आकडे विचारू नका) यात फरक, त्यामुळे बोट एका अंगाला कललेली आणि आपसूक गोल फिरते. जाताना वारा पाठीशी होता, मस्त गेलो, फोटो काढले. परत वळलो तर वारा तोंडावर. पायडल मारतोय मारतोय, समोरचं झाड आहे तिथंच आहे. "जोरात मार नं!" "मीच मारून राहिली, तुम्ही काय करून राहिले?" असा संवाद पाण्यावर फार दूर ऐकू जातो हे नंतर कळलं, कारण काठावर भाऊ-वहिनी हसून हसून बेजार. अर्ध्या तासानं तो पोऱ्या स्पीड बोट घेऊन आला, काही न बोलता दोर अडकवला आणि आम्हाला म्हशीसारखं ओढत धक्क्यावर आणलं. भाचा मात्र जाम खूश, त्याला वाटलं हे पॅकेजमधेच आहे.

खरा बीच त्यानंतर सापडला. धक्क्यापासून जरा बाजूला काठावर पाणी हातभर मागं सरलं होतं, तिथं मुरूम आणि त्याखाली चिकट काळी माती, ओली. पोरगा बसला. त्यांच्याकडे दिवाळीत मातीचा किल्ला करतात, त्यामुळे हात बसलेला. बुरूज केला, तट केला, दरवाजा कोरला. वाळूचा किल्ला करताना सारखं ढासळतं, सारखं पाणी मारायला लागतं, हे त्यानंच मला समजावलं; ही माती एकदा दाबली की हलत नाही, बोटांचे ठसेसुद्धा तसेच राहतात. बुरजावर माझ्या अंगठ्याचा ठसा त्यानं मुद्दाम घेतला.

मग घाईघाईनं भोवती खंदक खोदायला लागला. "काका, भरती कधी येते?"

मला वाटलं आता हे काहीतरी थापा मारणार. पण हे शांतपणे शेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, "इथं नं, भरती जुलैत येते. आणि ओहोटी मे महिन्यात."

"म्हणजे वर्षातून एकदाच?"

"एकदाच. कधीकधी तेवढीबी येत नाही."

पोरानं बराच वेळ पाण्याकडे बघितलं. मग खंदक खोदणं थांबवलं, कारण जुलैपर्यंत घाई नव्हती.

परतताना रामटेकच्या बाहेर बाया शिंगाडे घेऊन बसलेल्या, उकडलेले, काळेकुट्ट, दोन्ही बाजूंना शिंगं. तिथलीच माणसं डोंग्यातून तलावात जाऊन काढतात. वहिनीला माहीतच नव्हतं की उपवासाचं शिंगाड्याचं पीठ ह्याचं असतं, तिला वाटायचं काहीतरी धान्य असेल. दोन किलो घेतले आणि नागपूर येईपर्यंत सोलून सोलून सगळ्यांची नखं काळी. रामटेकचं पानही घ्यायचं होतं, ते राहिलं.

ते लोक गेले त्याला आता आठवडा झाला. काल वहिनीचा फोन आला होता, आधी शिंगाड्यांचं कौतुक, मग आवाज बदलला. पोराची पॅन्ट मशीनमधे टाकली तर खिशातून ही एवढी वाळू निघाली, मशीनचं पाणी जाईना, माणूस बोलवायला लागला. "रत्नागिरीत राहतो आम्ही, आमच्याकडे काय कमी होती का वाळू, नागपूरहून आणायला!"

फोन स्पीकरवर होता. हे पेपर वाचत होते, मान वर न करता म्हणाले, "वाळू नाही म्हणा त्यायले. रेती."