टीव्हीला दिसतं, व्हीसीआरला दिसेना

गड्डा म्हणजे आमच्या सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा. त्या आठवड्यात आमच्या टीव्ही-व्हीसीआरच्या दुकानात दुरुस्ती कमी आणि हुज्जत जास्त असायची. लोकल केबलवर नंदीध्वजांची, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्यांची मिरवणूक आणि सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाचा अक्षता सोहळा दाखवायचे, आणि ज्याच्या घरी व्हीसीआर त्याला ते टेप करून ठेवायचं असायचं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. साखर पेठेतल्या एका काकूंचा धाकटा त्या वर्षी पहिल्यांदाच बाराबंदी घालून नंदीध्वज पेलणार होता. भोगीच्या आदल्या संध्याकाळी त्यांचा निरोप आला, तसा मी पिशवी घेऊन गेलो.

"टीव्हीवर लख्ख दिसतंय की! मग ह्या मशीनमध्येच मुंग्या कशा?" काकूंनी दारातच विचारलं. त्यांचा संशय सरळ माझ्यावर होता, कारण दिवाळीत हेड साफ करून मीच दिला होता.

मशीन दुबईहून आणलेलं, ऐंशीच्या दशकातलं. वरची झडप उघडली की आत बारीक चाकांची रांग आणि प्रत्येक चाकाशेजारी नखाएवढा खटका: व्हीएल, व्हीएच, यू. म्हणजे व्हीएचएफ लहरींची खालची पट्टी, वरची पट्टी आणि त्याहून वरचं यूएचएफ. खटका व्हीएचवर घेतला आणि चाक हळूहळू फिरवत गेलो. दूरदर्शन आलं, एक हिंदी चॅनेल आलं, मग तेलुगू, मग कन्नड. बाराव्या चॅनेलच्या पुढे चाक फिरतच राहिलं, पडद्यावर मात्र नुसता पाऊस. लोकल चॅनेलचा पत्ता नाही. यू वर टाकलं तर तिथे सगळंच ओसाड.

मशीन ठणठणीत होतं. भानगड अशी, की जुन्या व्हीसीआरच्या ट्यूनरला, म्हणजे चॅनेल पकडणाऱ्या भागाला, व्हीएचएफवर दोन ते बारा एवढेच नंबर माहीत. म्हणजे अकरा जागा, त्यातही शेजारशेजारची चॅनेल एकमेकांत घुसू नयेत म्हणून केबलवाला मधली एखादी मोकळी सोडणार. आता सोलापूरचं बघा. मराठी-हिंदी पाहिजेच, पूर्व भागाला तेलुगू पाहिजे, निम्म्या गावाला कन्नड पाहिजे. दुसऱ्या गावात जे पुरलं असतं ते आमच्याकडे कधीच तुडुंब भरलं. यूएचएफवर चॅनेल टाकावीत, तर जेवढी फ्रिक्वेन्सी जास्त तेवढा सिग्नल वायरमध्ये जास्त मरतो. गल्लीच्या टोकाच्या घरात मुंग्याच पोचणार. म्हणून केबलवाल्यांनी उरलेली चॅनेल एस बँडवर चढवली. चौथ्या आणि पाचव्या चॅनेलमधली मोकळी जागा, आणि बाराव्याच्या पुढे, २३० मेगाहर्ट्झच्या वर. नव्या टीव्हीच्या खोक्यावर 'हायपरबँड' असं मोठ्या अक्षरात छापलेलं असायचं ते याचसाठी. काकूंचा टीव्ही नवा होता, व्हीसीआर जुना. दोघांना दिसणारं जग वेगळं.

तरी दुबईचं मशीन बरं, तिकडची पद्धत आपल्यासारखीच. लंडनहून आणलेल्या व्हीसीआरवाल्यांचे हाल मी पाहिलेत. त्यात व्हीएचएफच नसायचं. यूएचएफवर एखादं चॅनेल सापडलं तरी चित्र छान आणि आवाजाच्या जागी खरखर, कारण तिकडे आवाज चित्रापासून ६ मेगाहर्ट्झवर बसवलेला, आपल्याकडे ५.५ वर. आणि अमेरिकेचं मशीन असेल तर मी हातसुद्धा लावायचो नाही.

केबलवाल्याला फोन लावला. "लोकल चॅनेल उद्याच्या दिवस खालच्या नंबरवर घेता का?" तो म्हणाला, "घेतो की. तेलुगू काढून घेतो. मग गल्लीतल्या बायका तुमच्या दुकानावर पाठवू का?" मुद्दा बिनतोड होता.

एकच वाट उरली. केबल व्हीसीआरला द्यायचीच नाही. चॅनेल टीव्हीने पकडायचं आणि टीव्हीतून चित्र-आवाज बाहेर काढून व्हीसीआरच्या एव्ही इनमध्ये, म्हणजे चित्र-आवाज आत घ्यायच्या भोकांत घालायचं. काकूंच्या टीव्हीला मागे नुसतं इन होतं, आउट नाही. शेजारच्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली कुटुंबाकडे मात्र मोठा एकवीस इंची होता, त्याला आउट होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हीसीआर उचलून तिकडे नेला. पिवळी-पांढरी वायर आखूड पडली, ती तिथेच बसून जोडली. तीन तासांची कॅसेट घातली, मशीन एव्हीवर ठेवलं आणि घरातल्या सगळ्यांना बजावलं: कॅसेट भरेपर्यंत टीव्हीचं चॅनेल बदलायचं नाही, कारण टीव्ही जे दाखवेल तेच टेप होणार.

रिमोट त्या घरच्या आजींच्या, अव्वांच्या ताब्यात दिला. त्या घरात त्यांच्यावर कुणाचा शब्द चालत नव्हता, म्हणून मला तीच सुरक्षित जागा वाटली.

रात्री काकूंच्या घरी सगळे कॅसेट बघायला जमले. सात नंदीध्वज आले, मुलगा दिसला, कुणीतरी शिट्टी मारली. संमती कट्ट्यावर गर्दी दाटली, आता अक्षता पडणार, आणि फट्‌दिशी पडद्यावर मिशीवाला तेलुगू हिरो घोड्यावरून उतरला. पाच-सात मिनिटांनी पडद्यावर परत सोहळा आला तेव्हा तिथले लोक टाळ्या वाजवत होते. अव्वांचं म्हणणं, मिरवणूक थांबलेली दिसली म्हणून जरा बघून घेतलं. काकू चिडल्या नाहीत. त्यांचा मुलगा तोवर दिसून गेला होता.

पुढे ३१ मार्च २०१३ ची मुदत घालून केबल डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्यातल्या अडतीस शहरांत सेटटॉप बॉक्स सक्तीचा झाला, त्यात सोलापूर होतं. मग डीव्हीडी रेकॉर्डरवाले येऊ लागले, तक्रार तीच: "सगळ्या चॅनेलवर मुंग्या." औषधही तेच, बॉक्सची पिवळी-पांढरी वायर एव्ही इनला. पण बॉक्स एका वेळी एकच चॅनेल बाहेर सोडतो. टायमर लावून झोपलेल्या एका गृहस्थांची, रात्री सुनेने लावून ठेवलेली मालिका टेप झाली. त्यांनी वैतागून पेन ड्राइव्हवर रेकॉर्ड करणारा बॉक्स घेतला आणि महिन्याभरात पेन ड्राइव्ह घेऊन दुकानात हजर.

"कॉम्प्युटरवर उघडेना. खराब आहे का बघा."

खराब नव्हता. त्या बॉक्सने भरलेलं त्याच बॉक्सवर चालतं. हे त्यांना पटवायला मला काकूंपेक्षा जास्त वेळ लागला.