न भांडता झालेला वाद

शेजारच्या बाईंशी आमचा वाद निर्माण झाला आहे, हे आम्हाला पत्राने कळलं. आदल्याच शनिवारी त्यांनी कुंपणावरून रूबार्बच्या काड्या दिल्या होत्या आणि मी त्यांना गरम थालीपीठ.

त्याचं असं झालं. आम्हाला माळ्यावर एक खोली काढायची आहे. आमचं घर सेमी-डिटॅच्ड, म्हणजे मधली एक भिंत दोन्ही घरांची. खोलीचं वजन पेलायला लोखंडी गर्डर टाकायचे आणि त्यांची टोकं त्या सामाईक भिंतीत जाणार. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा कामाला 1996 चा पार्टी वॉल कायदा लागू होतो. कौन्सिलची परवानगी वेगळी, हे वेगळं. काम सुरू करायच्या किमान दोन महिने आधी शेजाऱ्याला लेखी नोटीस द्यायची. त्याने 14 दिवसांत लेखी संमती दिली तर विषय मिटला. त्याने हरकत घेतली किंवा नुसता गप्प बसला, तर दोघांत 'डिस्प्यूट' झाला असं कायदा धरून चालतो. सोसायटीच्या डीम्ड कन्व्हेयन्ससाठी (बिल्डरने जमीन नावावर करून दिली नाही तरी ती दिली असं धरायचं) ज्यांनी हेलपाटे घातले आहेत त्यांना हे 'धरून चालणं' परिचयाचं असेल. पण भांडण धरून चालणं मला नवीन होतं.

मला जास्त लागलं ते याचं, की आम्ही नोटिशीच्या कितीतरी आधी बाईंच्या स्वयंपाकघरात बसून त्यांना नकाशा दाखवला होता. गर्डर कुठे येणार, आवाज किती दिवस होणार, सगळं सांगितलं होतं. त्या "हो, करा ना" म्हणाल्या होत्या. आधी माणसाशी बोलायचं आणि कागद मागाहून, हे माझ्या आईवडिलांनी मला शिकवलं आहे. इथल्या सरकारने या कायद्यावर जी पुस्तिका काढली आहे तीसुद्धा नोटीस देण्याआधी शेजाऱ्याशी बोला असंच सांगते. आमच्याकडून काही राहिलं नव्हतं.

मी त्यांच्याकडे गेले. मुलं त्यांना नावाने हाक मारतात. मला एवढ्या वर्षांत ते जमलेलं नाही, मी काहीच न म्हणता बोलायला सुरुवात करते. मी विचारलं, तुम्ही सही का नाही केली? त्यांनी अगदी सरळ सांगितलं: मुलाने सल्ला दिला की संमती दिलीस तर तुझ्या भिंतींची आजची अवस्था कुणी लिहून ठेवणार नाही, गप्प बसलीस तर सर्व्हेयर, म्हणजे इमारत तपासणारा जाणकार, नेमावा लागतो आणि तो ती लिहून ठेवतो. मग माझा चेहरा बघून त्या म्हणाल्या, "इट्स नॉट अ रो, डिअर. इट्स ओन्ली अ डिस्प्यूट." आणि चहाचं आधण ठेवलं.

त्यानंतर मी इथल्या लोकांचं भांडणाविषयीचं बोलणं लक्ष देऊन ऐकायला लागले. आपल्याला शाळेत या सगळ्या शब्दांचा एकच अर्थ पाठ करायला लावला होता. इथे प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. 'रो' (उच्चार मात्र 'राव') म्हणजे भिंतीपलीकडे ऐकू जातं ते. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत मंत्र्यांचे असतात तेही हेच. मुलीच्या वर्गातल्या मैत्रिणी 'फॉल आउट' होतात, म्हणजे आपली कट्टी, आणि दुपारपर्यंत 'मेक अप' करतात, म्हणजे बट्टी. 'आर्ग्युमेंट' तावातावाने होतं तसं निबंधातही असतं. शिक्षिका मुलीला तुझं आर्ग्युमेंट अजून पक्कं कर म्हणते तेव्हा ती तिला भांडायला सांगत नसते. दुकानाशी असते ती 'कम्प्लेंट'. आणि ऑफिसात असते ती 'ग्रीव्हन्स', जिच्यामागे एक अख्खी व्यवस्था उभी आहे: लेखी द्या, बैठक होईल, बैठकीला सहकारी किंवा युनियनचा माणूस सोबत न्यायचा तुम्हाला हक्क आहे, निर्णय पटला नाही तर अपील करा. हे सगळं 'एकॅस' (Acas) नावाच्या संस्थेच्या संहितेत लिहिलेलं आहे. 1975 पासून मालक आणि कामगार यांच्यातल्या तंट्यांत मध्यस्थी करणं हे तिचं एक काम. आमच्या टीममधल्या एकाने साहेबांविरुद्ध ग्रीव्हन्स दिला होता. त्या महिन्यात दोघं एकाच टेबलावर जेवत होते, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तेव्हा मला ते ढोंग वाटलं होतं. आता वाटत नाही.

तरी पैशांचं मी बोलणारच. बाईंनी त्यांचा सर्व्हेयर नेमला, आम्ही आमचा. दोघांची फी आम्ही भरायची, कारण बांधकाम आमचं. हजार पौंडांच्या वर गेलं ते. ज्या वादात एक आवाज चढला नाही, ज्यातली प्रतिवादी मला चहा पाजते, त्याचे हजार पौंड! दोघांनी मिळून एकच सर्व्हेयर नेमायची सोय कायद्यात आहे. मी ती सुचवली. मुलाचा आग्रह स्वतंत्र माणसाचाच होता. हा मुलगा तासाभराच्या अंतरावर राहतो आणि नाताळात येतो. जानेवारीत बाई बर्फावर घसरल्या तेव्हा इस्पितळात त्यांच्याबरोबर रात्रभर माझा नवरा बसला होता. आपल्याकडे अशा शेजाऱ्याकडून सही मागायची वेळच आली नसती. आमच्या साताऱ्याच्या घरावर मजला चढवला तेव्हा शेजारच्या नानांच्या अंगणात वाळूचा ढीग महिनोन्‌महिने पडून होता आणि नानाच रोज संध्याकाळी बांधकामावर पाणी मारत होते. हे मी नवऱ्याला पुन्हा पुन्हा ऐकवलं, आणि ते खरंच आहे.

मग सर्व्हेयर येऊन गेले. बाईंच्या आग्रहाने मीही सोबत होते. दोघं खोली-खोलीतून फिरले, छताच्या कोपऱ्यातली केसाएवढी भेगसुद्धा फोटो काढून, लांबी लिहून नोंदवली. जिन्यावरचा ओलाव्याचा डाग, खिडकीखालचं सुटलेलं प्लास्टर, सगळं. काम संपलं की तेच पुन्हा तपासणार. नवी भेग दिसली तर ती आमची, जुनी असेल तर त्यांची. मी आमच्या सर्व्हेयरला म्हटलं, तुम्ही आमचे ना, मग तिच्या भेगा एवढ्या बारकाईने का मोजता? तो म्हणाला, नेमणूक तुम्ही केली असली तरी मी तुमचा वकील नाही. या कायद्याखाली आम्ही दोघांनीही निष्पक्ष राहायचं असतं. आणि मग ती गोष्ट कळली जी मला अजूनही फार मोठी वाटते. दोन सर्व्हेयर नेमले गेले की त्यांनी ताबडतोब, कामाला हात लावण्याआधी, मिळून तिसरा निवडायचा. त्या दोघांचं जमलं नाही तर त्याच्याकडे जायचं. मतभेद व्हायच्या आधी, दोघंही शांत असताना, तो ठरवून ठेवलेला असतो. बहुतेक वेळा त्याची गरजच पडत नाही.

शेवटी जो निवाडा होतो त्याला 'अवॉर्ड' म्हणतात: काम कोणतं, कसं, कुठल्या वेळात, नुकसान झालं तर काय. मान्य नसेल तर 14 दिवसांत काउंटी कोर्टात अपील. हे काही अचानक सुचलेलं नाही. 1666 च्या आगीनंतर लंडन पुन्हा उभं करताना सामाईक भिंतींचे नियम घालावे लागले, पुढे शतकानुशतकं ते लंडनमध्येच घासूनपुसून तयार झाले, आणि 1996 च्या कायद्याने ती रीत सगळ्या इंग्लंड-वेल्सला लावली. इतकी वर्षं मुरलेली गोष्ट आहे, आणि ते बाईंच्या "ओन्ली" मध्ये ऐकू येतं.

आमच्याकडे पद्धती नाहीत असं मात्र कुणी म्हणू नये. शेतरस्ता अडवला तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे जाता येतं. आर. आर. आबांनी 2007 साली तंटामुक्त गाव मोहीम आणली तेव्हा आमच्या गावातली कितीतरी प्रकरणं समितीने पारावर बसून मिटवली. माझे वडील त्यात होते, आणि कोर्टात जन्म गेला असता असे दोन भाऊ त्यांनी समोरासमोर बसवले. त्या कामाचा मला अभिमान आहे. पण समितीपर्यंत प्रकरण जायचं ते बोलणं बंद झाल्यावर, डोकी फुटल्यावर. बांध फुटभर सरकला तेव्हाच, दोघंही हसत असताना, त्याची नोंद करायची आणि तिसरा माणूस ठरवून ठेवायचा, हे आमच्यात कुणी सुचवलं तर त्याच्यावरच संशय घेतात.

हे मी आत्ता लिहिते आहे कारण तोच बांध आमच्या घरात आला आहे. वडील गेल्यानंतर आमच्या आणि चुलत्यांच्या रानातली हद्द कुठे, यावरून दादा आणि काका एकमेकांकडे जायचे थांबले आहेत. भांडण झालेलं नाही. ऊस तुटून गेला की काकाच ट्रॅक्टर पाठवायचे, यंदा पाठवला नाही, इतकंच. दादाने मोजणीचा अर्ज केला आहे. मी त्याला म्हटलं, काकांना तू स्वतः एक पत्र दे, की आम्हाला हद्द समजून घ्यायची आहे, तुमच्यावर आरोप नाही, आणि मोजणी पटली नाही तर कुणाचं ऐकायचं ते आपण दोघं आजच ठरवू. दादा म्हणाला, मोजणीची नोटीस लगतधारकांना भूमी अभिलेखकडून जातेच, मग मी कशाला? आणि मी हाताने कागद दिला तर काका उंबरा ओलांडू देणार नाहीत.

मी म्हटलं, मग आधी घरी जा, चहा घे, बोल, आणि निघताना कागद दे. जायला तो तयार झाला आहे, काकूंसाठी पेढे घेऊन. कागदावरून मात्र आमचं अजून रोज रात्री फोनवर चाललेलं असतं, आणि मी माघार घेणार नाही.