कॉल येईल का? आधी कॉम्बो मोजा

पोकरमध्ये “हा कॉल करेल (म्हणजे आपल्याइतक्याच चिप्स टाकून डावात राहील) असं वाटतंय” यातलं ‘वाटणं’ आकड्यात आणता येतं, आणि ब्लफ मारण्याआधी, म्हणजे कमकुवत पानांवर चिप्स लावून समोरच्याला पळवण्याआधी, ते आणायलाच हवं. त्यासाठी कॉम्बो मोजायचे: समोरच्याच्या हातात असू शकणाऱ्या दोन पानांच्या जोड्या.

समजा टेक्सस होल्डेममध्ये (प्रत्येकाच्या हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची पाच) रिव्हरला, म्हणजे पाचवं पान उघडल्यावर, पॉट (मधली रक्कम) ३०० चिप्सचा आहे आणि तुम्ही २०० लावताय. कॉल आला तर हरलोच असं धरलं, तर समोरच्याने ५०० ला २००, म्हणजे ४० टक्के वेळा पॅक केलं (पानं टाकली) तरच ब्लफ बरोबरीत सुटतो.

बोर्डवर, म्हणजे टेबलावर, इस्पिकचा राजा, बदामची नव्वी, चौकटची छक्की, किल्वरची चव्वी, बदामची दुर्री. समोरच्याने फ्लॉप (पहिली तीन पानं) आणि टर्नला (चौथं पान) नुसता कॉल केलाय. मग त्याच्याकडे काय असेल? राजा-राणी, राजा-गुलाम, राजा-दश्शी: उरलेले ३ राजे गुणिले दुसऱ्या पानाची ४, म्हणजे प्रत्येकी १२, एकूण ३६. एक्का-नव्वी आणि दश्शी-नव्वी मिळून २४. सिक्वेन्स हुकलेली अठ्ठी-सत्ती १६. एकूण ७६ कॉम्बो. राजेवाले सगळे कॉल करणार, नव्वीवाले निम्मे धरू, अठ्ठी-सत्ती पॅक. ७६ पैकी ४८ कॉल, म्हणजे ६३ टक्के. पॅक फक्त ३७, म्हणून ब्लफ तोट्यात.

आता तुमच्या हातात राणी-गुलाम असतील तर त्याला एक राणी आणि एक गुलाम कमी, म्हणून राजा-राणी आणि राजा-गुलाम ९-९ वर येतात. ७० पैकी ४२ कॉल, बरोबर ६० टक्के, म्हणजे ४० टक्के पॅक आणि ब्लफ बरोबरीत. हाच ब्लफ अठ्ठी-सत्तीवर मारलात तर त्याची पॅक होणारी पानंच तुम्ही अडवून बसता: ६९ पैकी ४८, जवळपास ७० टक्के. आपली सिक्वेन्स हुकली म्हणून लगेच ब्लफ मारणारे इथेच फसतात.

समोर दोघे असतील आणि प्रत्येक जण ६० टक्के वेळा पॅक करत असेल, तर दोघेही पॅक होणं फक्त ३६ टक्के.

खरी गोची त्या ‘निम्मे धरू’मध्ये आहे. कोल्हापुरात दिवाळीच्या तीन पत्तीत मुरून पोकरला बसलेला गडी नव्वी सोडत नाही. “बघूया की!” म्हणतो आणि चिप्स सरकवतो. त्याच्यासाठी सगळी नव्वी कॉलमध्ये धरा: राणी-गुलाम असूनही ७० पैकी ५४, म्हणजे ७७ टक्के. अशा माणसाला ब्लफ मारूच नये. एक्का-राजा आला की मात्र बिनधास्त लावा. तुमच्या पानांमुळे त्याचे कॉम्बो ६१ वर येतात; त्यातले ४५ कॉल करतील, आणि ते सगळे तुमच्या मागे असतील.