शेरीफ, सुटका आणि भलत्यांवर उगवलेला सूड

आजची अख्खी दुपार अमेरिकेतल्या १८९२ च्या वायोमिंग राज्यात गेली. तिथल्या जॉन्सन काउंटीतल्या (काउंटी म्हणजे जिल्हा) त्या एप्रिलबद्दल वाचत बसले आणि अजून डोकं शांत झालेलं नाही.

बड्या गुरंमालकांचा राग होता गुरंचोरांवर. सूड मात्र उगवला छोट्या पशुपालकांवर, तोही रीतसर नावांची यादी करून आणि टेक्सासहून भाडोत्री बंदूकधारी आणून! यादीतल्या नेट चॅम्पियनला त्यांनी ९ एप्रिलला केसी रँचवरच्या खोपटात घेरलं. सोबतचा निक रे त्याच्या डोळ्यांदेखत गेला. बाहेरून गोळीबार चालूच, आणि हा माणूस छोट्याशा वहीत घडेल ते लिहीत राहिला. फार एकटं वाटतंय, कुणी सोबत असतं तर सगळ्या बाजूंवर नजर ठेवता आली असती, असं त्यात आहे. ते वाचताना माझ्या घशात आवंढा आला. शेवटी घर पेटवलं गेलं. त्यानं वहीत निरोप लिहिला, खाली पूर्ण नाव घातलं, बाहेर धावला आणि मारला गेला.

काउंटीचा शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, रेड अँगसनं माणसं जमवली आणि मारेकऱ्यांना टीए रँचवर कोंडलं. मग राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांच्या हुकमानं घोडदळ आलं. सुटका झाली, पण मारेकऱ्यांची! पुढे साक्षीदार गायब केले गेले, खटल्याचा खर्च काउंटीला झेपेना. १८९३ मध्ये सगळे मोकळे सुटले. एकालाही शिक्षा नाही.