आमची वाटचाल : पेटी एका खोलीत, तबला दुसऱ्या

डोंबिवलीतल्या घरातच आमचे वर्ग सुरू झाले. हॉलमध्ये बायको पेटी शिकवायची, आतल्या खोलीत मी तबला, मधलं दार बंद. महिन्याची फी 300 रुपये. पहिल्या वर्षी मुलं नऊ, त्यातली दोन माझ्या बहिणीची, म्हणजे फुकटची. मी नोकरी सोडलेली नव्हती. ठाण्याहून लोकलने घरी यायचं, चहा घ्यायचा आणि डग्गा, म्हणजे तबल्याच्या जोडीतला डावा, चुंबळीवर ठेवायचा.

माझ्या गुरुजींकडे मला पहिला महिनाभर तबल्याला हात लावू दिला नव्हता. नुसती पढंत. टाळी-खाली दाखवत बोल तोंडाने म्हणायचे. तीच पद्धत मी उचलली. पण फी भरणाऱ्या पालकांना महिनाभर तबला दिसलाच नाही तर ते दुसऱ्या महिन्यात दिसत नाहीत, हे लवकरच कळलं. मग पढंत पंधरा मिनिटं आणि बाकी वेळ हात, असा मधला मार्ग काढला. हातावर मात्र तडजोड नाही. 'ना' वाजवताना अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या, कडेला हलकी टेकलेली हवी आणि तर्जनी किनारीवर पडून लगेच उठायला हवी. बोट तिथेच दाबून राहिलं की 'टप' असा मेलेला आवाज येतो. काही मुलांना हे तीन दिवसांत जमतं, काहींना तीन आठवडे लागतात. एका बाबांनी दारातूनच विचारलं होतं, "सर, अजून 'ना'च?" मी म्हटलं, "हो ना!"

मुलं वाढली तसा आवाजही वाढला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझ्या डग्ग्यावर अर्धा तास चर्चा झाली. पेटीबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती, हे बायको अजून ऐकवते. (त्याच पेटीला आकाशवाणीने 1940 पासून तीसेक वर्षं दाराबाहेर ठेवलं होतं, हे मी ऐकवतो.) शेवटी तळमजल्यावरचा एक गाळा भाड्याने घेतला. करार 11 महिन्यांचा, प्रत्येक नव्या कराराला भाडं चढतं. मध्ये प्लायचं पार्टिशन घातलं आणि इथेही पेटी एका बाजूला, तबला दुसऱ्या. त्याच वर्षी मी नोकरी सोडली.

मग आम्ही परीक्षांच्या मागे लागलो. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा. परीक्षांना दोष नाही. अभ्यासक्रम नीट बांधलेला आहे आणि परीक्षा तोंडावर आली की मुलं रियाज करतात, हेही खरं. पण आम्ही तेवढंच शिकवायला लागलो. एका सत्रात 14 मुलं बसवली, सगळी पास झाली. प्रमाणपत्रांचे फोटो दारावर लावले, त्यावर नवे प्रवेशही मिळाले.

गणपतीत सोसायटीच्या मंडपात आरतीनंतर एका काकूंनी अभंग धरला. प्रवेशिका पूर्ण झालेला माझा एक विद्यार्थी तबल्यावर. तीनतालाची दुगुन, म्हणजे दुप्पट लय, त्याला झोपेतही आली असती, पण इथे साधा भजनी ठेका हवा होता. तो त्याने लावलाही. काकू मध्येच श्वास घ्यायला थांबल्या आणि त्याचाही हात थांबला. पुन्हा धरलं ते भलत्याच मात्रेवर. दुसऱ्या कडव्याला काकूंनी हातात टाळ घेतले आणि स्वतःच सांभाळून नेलं. मुलाच्या आईने माझ्याकडे पाहिलं. मी मोदकाकडे.

त्या रात्री बायको म्हणाली, "तुझी मुलं कुणाबरोबर वाजवतच नाहीत, आणि माझी कुणी वाजवत असताना वाजवत नाहीत." तिची मुलं अलंकार, म्हणजे स्वरांचे पलटे, सुरेख वाजवायची, पण लय हळूहळू चढायची. धरून ठेवायला कुणी नव्हतंच.

तेव्हापासून दर शनिवारी एकत्र वर्ग असतो. पेटीच्या मुलांना तीनतालाचा सोळा मात्रांचा लेहरा शिकवतो. तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवायची, आणि तिच्यावर तबल्याच्या मुलांनी आपला कायदा, म्हणजे ठरावीक बोलांची विस्तार करत न्यायची रचना, मांडायचा. पेटीवाल्याला लय सोडता येत नाही, तबलेवाल्याला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकवता येत नाही. काही पालकांना हे पटलं नाही. "माझ्या मुलीने दुसऱ्याच्या मुलासाठी तीच ओळ का वाजवायची?" म्हणत दोघीतिघी सोडून गेल्या. त्या वर्षी भाडं बायकोच्या एफडीतून भरलं.

2020 मध्ये सगळं मोबाइलवर गेलं आणि एकत्र वाजवणं संपलंच. आवाज उशिरा पोचतो, माझी सम मुलाकडे दुसऱ्या मात्रेला. शिवाय व्हिडिओ कॉलला डग्गा म्हणजे गोंगाट वाटायचा, तो डग्ग्याचा 'घे' हा बोलच गाळून टाकायचा. तो गोंगाट गाळणारा पर्याय बंद करायचा असतो हे मला आठवीतल्या एका विद्यार्थिनीने शिकवलं. मग लेहरा रेकॉर्ड करून मुलांना पाठवला. त्यावर वाजवून बुधवारपर्यंत व्हिडिओ परत पाठवायचा. ती बुधवारची सवय अजून आहे, कारण स्वतःचं वाजवणं ऐकल्यावर मुलं माझ्याआधी चूक सांगतात.

आता आठ तासांची फी 1,500 आहे आणि एका बॅचमध्ये चारच मुलं. परीक्षेला अजून बसवतो, पण शनिवार चुकवणाऱ्याचा फॉर्म भरत नाही. पार्टिशन गेल्या वर्षी काढलं, त्याच्या प्लायचं चपलांचं कपाट झालं.

परवा शनिवारी नऊ वर्षांची एक मुलगी लेहरा धरून बसली होती. समोरचा मुलगा तिच्याहून मोठा, तिहाईत, म्हणजे तीनदा वाजवून समेवर यायच्या तुकड्यात, अडकला आणि गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मी खिडकीबाहेर पाहिलं. तिने पेटी थांबवली नाही, फक्त सम आली तशी मान जोरात हलवली.