तुम्ही विचारलंत म्हणून: आता शिकून काय करता, बाई?

"या वयात शिकून आता काय करता, बाई? कलेक्टर होता काय?" हे लग्नाच्या पंगतीत विचारतात, एसटीत विचारतात, पोराचं वजन करायला आलेली आईसुद्धा विचारते. बरेचदा मी "टाइमपास हो" म्हणून सोडून देते. टाइमपास म्हटलं की विचारणाऱ्याचं समाधान होतं. पण सकाळी अंगणवाडी, दुपारी गृहभेटी, मग मोबाइलवर पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपात नोंदी भरणं, हंगामात स्वतःच्या वावरात कापूस वेचणं, यातून टाइम उरतो कुठे पास करायला?

बी.ए. कशी झाले ते गावाला पाठ आहे. ते सोडा. फक्त 'कायले' तेवढं सांगते.

सुरुवात पदासाठीच केली. यात लपवण्यासारखं काय आहे? सेविकेची सुपरवायझर व्हायचं तर पदवी लागते, आणि मानधन व पगार यातला फरक महिनाअखेरीला किराणा दुकानात उधारी सांगणाऱ्या बाईला विचारावा. तेव्हाची मी उघड म्हणायची की, पद मिळत असेल तर शिक्षण, नाहीतर ती हौस, आणि हौस ओलिताची शेती असणाऱ्यांनी करावी. तिचं म्हणणं मला आजही पुरतं खोडता येत नाही.

शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. त्या हिवाळ्यात काही आयांनी लकडा लावला होता, "कॉन्व्हेंटमधे पोराच्या हातावर स्टार देते, तुमच्याकडे काहून नाही?" एका भल्या माणसाने चमकीच्या चांदण्यांची पाकिटं आणून दिली. चित्र काढलं की चांदणी, असं मी सुरू केलं. आठवडाभर काय उत्साह! मग पोट्टे कागदावर एक रेघ मारायचे आणि हात पुढे करायचे, "मॅडम, चांदणी द्या नं." पाकिटं संपली तसे खडूही कोपऱ्यात पडून राहिले. एक पोरगी मात्र वेगळी निघाली. ती बंडी, म्हणजे बैलगाडी, काढायची, नुसती बंडी, रोज. मिळालेली चांदणी तिनं हातावर कधी लावलीच नाही. बैलाच्या कपाळावर चिकटवायची. चांदण्या संपल्यावर तिनं बैलाला पिवळ्या खडूचा टिळा लावला आणि पुढच्या बंडीला लागली.

माझ्या बी.ए.च्या पुस्तकात नेमकं हेच होतं. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर केलेला प्रयोग १९७३ साली छापून आला. मुलं सगळी चित्रकलेची आवड असलेली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढा, सोनेरी शिक्क्याचं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता अचानक दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी पाहिलं तर आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं मोकळ्या वेळात इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्र काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र कमी झाली नव्हती. माझे पोट्टे त्यात बरोबर बसत होते, पण बंडीवाली कुठेच बसत नव्हती. तिलाही आधी सांगूनच चांदणी दिली होती.

मे महिन्यात सुपरवायझरच्या पदासाठी एका ऑफिसात कागद दाखवायला गेले. समोरच्यानं जन्मतारीख पाहिली, बोटांवर काही मोजलं आणि म्हणाला, "ताई, तुमचं वय बसत नाही." एवढंच. आवाजही चढवला नाही त्यानं. पुढच्या बाईचे कागद घेतले. मी बाहेर येऊन पाण्याची बाटली घेतली, अर्धी प्यायले, अर्धी डोक्यावर ओतली. ऊन सेहेचाळीसचं. एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, "काम झालं काय?" मी म्हटलं, झालं. घरी सांगितल्यावर आमचे हे म्हणाले, "सुटली नं तू एकदाची." रागानं नव्हे, मायेनंच म्हणाले. पेपर तोंडावर आला होता. मी म्हटलं, आता नाही जात.

रात्री लाइन गेली, कूलर बंद पडला, बाजा अंगणात टाकल्या. मला झोप नाही. माझ्या वयाचा विचार करत होते म्हणाल, तर तोही होताच. पण मधेच ती बंडी यायची. पुस्तकाप्रमाणे मी आता खडू टाकून द्यायला हवे होते, माझी तर चांदणीच काढून घेतली होती. मग तिच्यात आणि बाकीच्यांत फरक काय, हे विचारायचं कोणाला? अभ्यासकेंद्रावरचे सर पेपरच्या दिवशी भेटणार होते. म्हणून गेले. पेपरसाठी नाही, सरांसाठी. पहाटे उठलेली पाहून हे काही बोलले नाहीत. वर्गाबाहेर सरांना गाठलं, चांदणी सांगितली, बैल सांगितला. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, हे पेपरात येत नाही."

मग मी आत जाऊन पेपर लिहिला. रागानं लिहिला. पास झाले.

ती गोडी होती की ईर्ष्या? लोक 'नापास झाली' म्हणतील ही भीती होती? थोडं सगळंच असेल. एम.ए.ला डेसी आणि रायन हे मानसशास्त्रज्ञ वाचले तेव्हा कळलं की, बक्षीस दोन गोष्टी सांगू शकतं, 'हे तू माझ्या सांगण्यावरून केलंस' किंवा 'तुला हे जमलं'. पहिलं ऐकू आलं की गोडी मरते, दुसरं ऐकू आलं तर टिकते, वाढतेही. बंडीवालीला माझं दोन्ही ऐकू गेलं नसावं, तिला फक्त चमकी दिसली. विद्वानांचंही एकमत कुठे आहे? १९९४ मध्ये कॅमेरॉन आणि पिअर्स यांनी, बक्षिसांनी गोडी एकूणात घटत नाही, असं मांडलं. १९९९ मध्ये डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी १२८ प्रयोग एकत्र करून उलट सांगितलं. आणि स्टॅनफर्डची ती मुलं खात्यापित्या घरची होती. माझ्याकडे काही पोरं खिचडीसाठी येतात, तिथे मी गोडीचं प्रवचन देत नाही.

गावातले निवृत्त गुरुजी म्हणतात, "१९३७ साली आपल्या वर्ध्यातच गांधीजींनी सांगितलं, शिक्षण हाताच्या कामातून पाहिजे. तुमच्या या शिक्षणातून काय निघते?" मी म्हणते, गुरुजी, गांधीजींच्या त्या शिक्षणपद्धतीत, नई तालमीत, सूत कातायची तकली शिकण्यासाठी होती. नुसतं सूतच मोजायचं असतं तर शाळा कायले, गिरणी पुरली असती. आता शाळेचा खर्च त्या कामातून निघावा हाही गांधीजींचा आग्रह होता, तेव्हा गुरुजी अगदीच खोटं बोलत नाहीत. पण मला राग येतो तो त्या 'काय निघते'चा. चार वर्षांच्या पोराला कोणी विचारत नाही, बंडी काढून काय करतो? मला विचारतात.

चांदण्या आता मी डब्यात खडूंच्या शेजारी उघड्या ठेवते. ज्याला हव्या त्यानं घ्याव्या, चित्र काढो न काढो. आयांना हे पटलेलं नाही. मलाही रोज पटतं असं नाही, कारण डबा दोन दिवसांत रिकामा होतो.

उद्या वयाची अट शिथिल झाली तर अर्ज भरणार का? भरणार, पहिल्याच दिवशी. नाही झाली तरी पेरण्या आटोपल्या की एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा प्रवेश घ्यायचा आहे. त्याची फी कुठून आणता, बाई, हे मात्र अजून कोणी विचारलेलं नाही.